प्रसूती रजा नेमकी कधी सुरू करावी? डोंबिवली–फोर्ट रोजचा प्रवास करणाऱ्या मैत्रिणीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३१, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टमध्ये, एका खासगी बँकेच्या बॅक ऑफिसला. पहिलीच खेप. ३१ आठवडे पूर्ण झालेत, डॉक्टरांनी तारीख १५ डिसेंबर दिली आहे. रिपोर्ट चांगले, फक्त हिमोग्लोबिन १०.२. सासूबाई म्हणतात, आठवा लागला, आता घरी बस. आई म्हणते, डोहाळजेवण झालं की कोल्हापूरला ये. मला वाटतं शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जावं आणि सगळेच्या सगळे २६ आठवडे बाळासोबत काढावेत. काय करू?"

मी ठाण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे तुमच्यासारख्या लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्या बायकाच माझ्याकडे जास्त असतात. आधी उत्तर सांगते, कारणं मागून. सगळं आत्तासारखंच सुरळीत राहिलं तर १७ नोव्हेंबरला, म्हणजे ३६ आठवडे पूर्ण होताना, लोकल बंद करा. त्यानंतरचे दोन आठवडे घरून काम मागा. ते नाही मिळालं तर साठलेल्या पीएल (हक्काच्या भरपगारी रजा) वापरा. प्रसूती रजा १ डिसेंबरपासून टाका. पीएलही नसतील तर रजा १७ नोव्हेंबरपासूनच सुरू होऊ द्या, चार आठवडे "वाया गेले" म्हणून हळहळू नका.

आता कारणं. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात, काम आणि प्रवास. खुर्चीत बसून, एसीत, स्क्रीनसमोर करायच्या कामाने निरोगी गरोदर बाईचं किंवा बाळाचं काही बिघडत नाही, नवव्या महिन्यातही नाही. अभ्यासांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीशी थोडाफार संबंध दिसतो तो तासन् तास उभं राहण्याचा, जड उचलण्याचा, रात्रपाळीचा आणि आठवड्याला फार जास्त तास काम करण्याचा. तोही मोठा नाही, पण आहे. म्हणून नर्स, शिक्षिका, दुकानातली विक्रेती, कारखान्यात लाइनवर उभी राहणारी मुलगी यांना मी वेगळं सांगते आणि तुम्हाला वेगळं. बॅक ऑफिसला बसून काम आहे, तेव्हा दर तासाने उठून पाच मिनिटं चाला, पाय लोंबकळत ठेवू नका, पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि टॉयलेटला जायला लागतं म्हणून पाणी कमी पिऊ नका. हे शेवटचं फार जणी करतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि त्याने कळा सुरू होऊ शकतात.

उलट, काही त्रास नसताना घरी नुसतं पडून राहण्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असा पुरावा नाही. सततच्या बेड रेस्टने स्नायू ढिले पडतात, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, आणि मन खातं ते वेगळंच. सासूबाईंच्या मनात बहुधा ती जुनी समजूत असणार की सातमाशी मूल जगतं, आठमाशी जगत नाही. ती खरी नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. त्यांच्याशी वाद घालू नका. पुढच्या व्हिजिटला त्यांना सोबत आणा. डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकवले, वाढ नीट आहे हे समोर सांगितलं की बऱ्याच सासवा स्वतःहून म्हणतात, "मग जाऊ दे की कामाला."

पण लोकल. सकाळी डोंबिवली स्टेशनवर महिलांच्या डब्यासमोर काय चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी पुरती थांबायच्या आत हात दांड्याला जातात, मागून रेटा येतो आणि तुम्ही आत "जात" नाही, नेल्या जाता. चौथी सीट मिळाली तर नशीब, तीही अर्धीच. ठाण्यापर्यंत कोणाची तरी पर्स पोटात रुतलेली असते. बायका पोट बघून जागा देतात, हे खरं, पण पोटापर्यंत नजर पोचायला मध्ये फट तरी हवी ना! शेवटच्या दोन महिन्यांत शरीराचा तोल पुढे सरकतो, सांधे सैल होतात, गर्दीत उभ्या उभ्या रक्तदाब खाली येऊन चक्कर येते. मला खरी भीती पडण्याची असते. पोटावर जोरात आपटलं तर वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते, आणि तेव्हा आई आणि बाळ दोघांसाठी मिनिटं मोजायची वेळ येते. हे क्वचितच घडतं, पण ज्या बाईला हा धोका पत्करायची गरजच नाही तिने तो का पत्करावा?

म्हणून आजपासूनच दोन बदल करा. एक, अपंगांसाठी राखीव डब्यातून गरोदर स्त्रीला प्रवास करता येतो, फाइलमधलं डॉक्टरांचं कार्ड पर्समध्ये ठेवा आणि निःसंकोच चढा. "मी काही अपंग नाही" हा अभिमान बाळंतपणानंतर बाळगा. दोन, साहेबांकडून वेळ बदलून घ्या. डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी आणि साडेदहाच्या पुढची वेळ मिळाली तर अर्धा त्रास कमी होतो. ऑक्टोबरचा उकाडा आहे, त्यात दिवाळीची खरेदीची गर्दी, तेव्हा संध्याकाळी दादरला उतरून "जाता जाता" काही घ्यायचा मोह टाळा.

आता रजेचं गणित. मी वकील नाही, पण हा हिशोब पेशंटला इतक्यांदा करून द्यावा लागतो की पाठ झालाय. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, त्यात २०१७ मध्ये झालेली दुरुस्ती, आणि आता तोच भाग सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी. दोन मुलं हयात असतील तर तिसऱ्या खेपेला १२ आठवडे, आधी ६. अट एवढीच की तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं हवं. आठवडे कॅलेंडरचे, रविवार आणि सणाच्या सुट्ट्या धरून.

तुमच्या तारखेने बघू. आठ आठवडे आधी म्हणजे २० ऑक्टोबर. तेव्हापासून रजा घेतली तर तुम्ही २० एप्रिलला कामावर हजर, बाळ चार महिन्यांचं. १ डिसेंबरपासून घेतली तर १ जूनला हजर, बाळ साडेपाच महिन्यांचं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं असतं, तेव्हा हे सहा आठवडे किती मोलाचे ते कळतंच. तुमचा हट्ट मला समजतो तो यामुळेच. आणि १५ डिसेंबरपर्यंत थांबलात तर? जूनच्या मध्यावर हजर. म्हणजे १ डिसेंबरऐवजी तारखेपर्यंत थांबून मिळतात फक्त दोन आठवडे. या दोन आठवड्यांची किंमत मात्र मोठी. झोप मोडलेली, पाय सुजलेले, पाठ धरलेली, आणि दिलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात चार-पाचच. ३७ आठवड्यांनंतर केव्हाही कळा येऊ शकतात आणि पहिलटकरीण तारखेच्या पुढेही बऱ्याचदा जाते. थकून कळांना सामोरी गेलेली बाई आणि आठ-दहा दिवस दुपारची झोप काढून आलेली बाई, यांतला फरक लेबर रूममध्ये मला डोळ्यांनी दिसतो.

एका पेशंटची गोष्ट सांगते. आयटीतली, हुशार मुलगी. पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढत होतो आणि हिच्या कानात हेडफोन. कळ आली की म्यूट, ओठ घट्ट, कळ ओसरली की अनम्यूट आणि "येस, आय अ‍ॅग्री". आलेखाचा कागद पुढे सरकत होता, कळांचे डोंगर एकामागून एक उमटत होते, आणि पलीकडच्या मंडळींना पत्ताच नाही. सिस्टरने शेवटी फोन काढून घेतला. सगळं छान झालं, बाळ आज शाळेत जातं. पण ती कामावर होती याचं कारण काम महत्त्वाचं होतं हे नव्हतं. कामाचा ताबा कोणाला द्यायचा हेच कोणी ठरवलं नव्हतं. तुम्ही ३४व्या आठवड्यापासून, म्हणजे ३ नोव्हेंबरपासून, असं समजून काम करा की उद्या तुम्ही येणार नाही. पासवर्ड, प्रलंबित फाइली, कुठल्या शाखेतून काय यायचंय, सगळं कोणाला तरी माहीत हवं.

तर आता ज्या कलमांबद्दल एचआरलाही बऱ्याचदा ठाऊक नसतं ती दोन. गरोदरपणामुळे आजारपण आलं, बाळ मुदतीआधी झालं किंवा बाळंतपणात गुंतागुंत झाली, तर पुराव्यानिशी आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा मिळते आणि ती २६ आठवड्यांतून कापायची नसते. उद्या रक्तदाब वाढला आणि ३४व्या आठवड्यात मी तुम्हाला घरी बसवलं, तर आधी हे कलम आठवा. दुसरं, अपेक्षित तारखेच्या आधीचे सहा आठवडे सुरू होण्यापूर्वीच्या एका महिन्यात, आणि त्या सहा आठवड्यांतल्या ज्या दिवसांत तुम्ही रजेवर नसाल तेव्हा, कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम नको असं तुम्ही सांगितलं तर मालकाला तुम्हाला तसं काम देता येत नाही. तुमच्या बाबतीत ही मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाली. तुमच्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, पण ऑफिसच्या तळमजल्यावर दिवसभर उभी राहून रजिस्टर भरणारी सिक्युरिटीची मुलगी गरोदर असेल तर तिला नक्की सांगा. ती ठेकेदाराकडे असेल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर तिची रजा बहुतेक ईएसआयमधून (कामगार राज्य विमा योजनेतून) मिळेल, तिथेही आठवडे २६च. कंत्राट मध्येच संपतं म्हणून रजेचा लाभ तोडता येत नाही, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय. तुमच्या घरी भांड्यांना येणाऱ्या ताईंना यातलं काहीच लागू नाही. त्यांना पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळू शकतात, तेही अंगणवाडीत वेळेवर नाव घातलं तर.

बाळ रजा सुरू व्हायच्या आधीच आलं तर काय, ही भीती सगळ्यांना असते. काही होत नाही. रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू होते, सगळे आठवडे बाळासोबत मिळतात, अर्ज मागाहून दिला तरी चालतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे मात्र कामावर बोलावणं कायद्यानेच बंद आहे, तुम्ही स्वतः तयार असलात तरी.

कोल्हापूरचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुमची रजा कधी सुरू होणार हे खरं तर त्यावरच ठरणार आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही पद्धत मला आवडते. आईच्या हातची पेज, डिंकाचे लाडू, रात्री बाळाला घेऊन फिरायला हक्काची माणसं, हे हॉस्पिटलच्या पॅकेजमध्ये मिळत नाही. पण माहेरी जायचं तर ३४ आठवड्यांच्या आसपास जा. ३७व्या आठवड्यात रात्रभराच्या गाडीत किंवा पुणे-सातारा हायवेवर कळा सुरू होणं मला नको आहे, आणि तुम्हालाही नको असणार. (विमानाने जायचा विचार असेल तर ३२ आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात.) तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला निदान दोन-तीनदा तपासलेलं असावं, अचानक मध्यरात्री फाइल घेऊन दारात उभी राहिलेली पेशंट कोणालाच सोपी नसते. ३ नोव्हेंबरला गेलात आणि तिथून घरून काम करता येत नसेल, तर रजा त्याच दिवशी सुरू, आणि तुम्ही ४ मेला हजर. हा सौदा पटतो का, ते आईशी आणि नवऱ्याशी बसून ठरवा. दुसरा मार्ग म्हणजे आईलाच डोंबिवलीला बोलावणं आणि बाळ दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर कोल्हापूरला जाणं. माझ्या बऱ्याच नोकरदार पेशंट हल्ली हेच करतात. आयांना सुरुवातीला जड जातं, मग सवय होते.

आता वरचं सगळं रद्द कधी होतं? वार खाली असेल, जुळी असतील, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, बाळाची वाढ कमी असेल, साखर किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, तर १७ नोव्हेंबर वगैरे विसरा. तेव्हा तुमचे डॉक्टर म्हणतील तीच तारीख. तुमचे रिपोर्ट आज चांगले आहेत, पण रक्तदाब बऱ्याचदा ३४-३५ आठवड्यांनंतरच डोकं वर काढतो. म्हणून दर तपासणीला हा निर्णय नव्याने घ्यायचा. मी स्वतः नडगीवर अंगठा दाबून बघते. संध्याकाळी घोट्याला थोडी सूज सगळ्यांनाच असते, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो, त्याचं काही नाही. पण सकाळी उठल्यावरही चेहरा सुजलेला, अंगठी घट्ट, त्यात डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, तर ऑफिसमधून घरी नाही, सरळ हॉस्पिटलात यायचं. १४०/९० च्या वरचा आकडा आम्ही "दगदगीने झालं असेल" म्हणून सोडत नाही. अंगावर रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागलं, तरी तसंच. पाणी ऑफिसात गेलं तर घाबरू नका. पॅड लावा, वेळ बघून ठेवा, पाण्याचा रंग बघा, हिरवट असेल तर फोनवर तेच पहिल्यांदा सांगा. लोकल नाही, टॅक्सी, आणि सोबत कोणीतरी.

कामात बुडालेल्या बायकांचं एक मला खटकतं. बाळाची हालचाल त्यांच्या लक्षातच राहत नाही. "आज फिरलं का?" विचारलं की आठवत बसतात. जेवणाच्या सुट्टीनंतर किंवा घरी आल्यावर डाव्या कुशीवर पडा आणि फक्त तेवढंच बघा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात, बहुतेकदा अर्ध्या तासातच होतात. कमी वाटल्या तर उद्याच्या मीटिंगनंतर बघू असं नाही, त्याच दिवशी फोन.

हिमोग्लोबिन १०.२ म्हणजे सौम्य पंडुरोग, गरोदरपणात ११ च्या खाली आम्ही तो धरतो. तुम्ही एकट्या नाही, देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका यात येतात. पण नऊ आठवडे हातात आहेत, तेवढ्यात ११ पर्यंत न्यायचं. लोहाची गोळी चहाबरोबर घेत असाल तर ती गोळी बरीचशी वायाच जाते. ऑफिसला पोचल्यावरचा तो पहिला चहा आणि गोळी यांत दोन तास तरी अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी रात्री वेगळी. चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. वाढलं नाही तर सलाइनमधून लोह देता येतं, दीड-दोन तासांचं काम असतं.

शेवटी दाखल्याबद्दल. दोन्ही प्रकारच्या मागण्या येतात. एकीला पीएल वाचवायच्यात म्हणून "बेड रेस्ट लिहून द्या", दुसरीच्या कंपनीला हवंय की "३८ आठवड्यांपर्यंत काम करण्यास पूर्ण सक्षम" असं मी आधीच लिहावं. मी दोन्ही लिहीत नाही. आज तपासलं, आज असं आहे, प्रवास टाळलेला बरा, एवढं लिहिते, आणि त्याने बऱ्याच जणींना घरून काम मिळतं. तुमच्या डॉक्टरांकडून असंच पत्र घ्या, रजेच्या अर्जात सुरू होण्याची तारीख १ डिसेंबर टाका आणि "वैद्यकीय गरज भासल्यास आधी" ही ओळ जोडा. अर्ज ईमेलने, साहेब आणि एचआर दोघांना, आणि याच आठवड्यात. दिवाळीत एचआरचं कोणी फोन उचलत नाही.